कथेचा तास

लिंबागणेशच्या थांब्यावर एसटीतून उतरणाऱ्यांच्या हातात दूर्वांच्या जुड्या आणि नारळाच्या पिशव्या आहेत. आज संकष्टी. मांजरसुंब्याकडून जीपा भरून येतायत, पाटोद्याकडून मोटारसायकली. भालचंद्राच्या दर्शनाला बालाघाटच्या डोंगरातली लहानमोठी गावं इकडे लोटलीयत. दिवाळी होऊन महिना उलटलाय, त्यामुळे गर्दीत म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं जास्त दिसतात. या भागातली कितीतरी तरणी जोडपी टोळ्यांबरोबर ऊस तोडायला कारखान्यांवर गेलीत. ती परततील उन्हाळा लागल्यावर.

हाच रस्ता पुढं पाटोदा, जामखेड करत नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जातो. माझी भाची याच रस्त्यानं ये-जा करते. ती तिकडे डिजिटल माध्यमांचं एम.ए. करतेय आणि ती कथा लिहिते. दोन्ही एकाच वेळी कसं जमवते, हे मला बघायचंय. मीही आयुष्यभर लिहीत आले, पण मला कधी टाइमलाइनवर आवाज कापावा लागला नाही.

माझ्या बहिणीच्या, अक्काच्या ओसरीत ती भिंतीला पाठ लावून बसलीय. समोर पत्र्याची पेटी, पेटीवर लॅपटॉप, शेजारी दोनशे पानी रजिस्टर आणि त्यात खूण म्हणून घातलेला पेन. कानावर हेडफोन. रात्री बाराच्या आत तिला अभ्यासाचा आठ मिनिटांचा ध्वनिपट पोर्टलवर चढवायचाय. विषय तिनंच निवडलाय: ऊसतोडीला गेलेल्या बायकांच्या आठवणी. बोलणारी एकच आहे, तिची आजी. ती आत्ता उंबऱ्याशी बसून वाती वळतेय.

"काय करायलीस गं मघापासनं?" आजी विचारते.

"तुझं बोलणं नीट करायले, आजे."

"माझं बोलणं काय वाकडं व्हतं का?"

भाची हेडफोन काढून माझ्या कानावर ठेवते. पडद्यावर हिरव्या रंगाची लाट आहे, कुठं फुगलेली, कुठं चपटी. आजीचा आवाज येतो. तरणेपणी नवऱ्याबरोबर कारखान्यावर गेल्याचं ती सांगतेय. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचे, उचल त्या हिशेबानं. पहाटे कोपीतून निघायचं. पोरगं फडाच्या कडेला वाढ्यावर निजवायचं. नवऱ्यानं तोडायचं, आपण मोळ्या बांधायच्या. मग त्या डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकवर चढायचं. ट्रक रातच्याला एक वाजता आला तरी उठायचं.

"आन् पोरगं रडलं तर?" हा भाचीचा आवाज.

यानंतर लाट एकदम चपटी होते. कानात काहीच नाही. नीट ऐकलं तर लांबून एक शेळी ओरडते, चुलीतलं लाकूड तडकतं, आजीच्या बांगड्या एकदा वाजतात. बराच वेळ असं जातं. मग आजी म्हणते, "मंग काय. रडायचं."

मी हेडफोन खाली ठेवते. भाची माझ्याकडं बघतेय.

"मावशी, ही शांतता मला ठेवता येत नाही. आठ मिनिटांत बसत नाही. आणि ऐकणारा मोबाइलवर ऐकतो, त्याला वाटतं फाइलच बिघडली. सर म्हणतात, दोन-तीन सेकंदांच्या वर आवाज थांबला की माणूस पुढं सरकतो."

ती माउस सरकवते, चपटा भाग निवडते, कापते. पण लगेच नवी खिडकी उघडून तो कापलेला तुकडा चिकटवते आणि वेगळी फाइल म्हणून जतन करते. मी वाकून बघते. पडद्यावर एक फोल्डर आहे, नाव 'कथेसाठी'. आत अशा कितीतरी फाइली आहेत. एकीचं नाव 'बांगड्या', दुसरीचं 'मुकादमाचं नाव घेताना घसा', तिसरीचं 'हसली, पण उगीच'.

"अभ्यासातून जे कापून टाकावं लागतं, ते मी इथं ठेवते," ती म्हणते. "कथा तिथूनच सुरू होते."

मी पेटीशेजारी बसकण मारते. ही पोरगी काय करतेय ते मला आता दिसायला लागलंय.

अभ्यासक्रम काही लहान नाही. सत्राला वीस-बावीस क्रेडिट. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास धरायचे असतात. कॅमेरा, प्रकाश, ध्वनी, संकलन, माध्यम कायदे, संशोधन पद्धती. नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तर वर्गांना प्रत्यक्ष कामाचा अनुभवही घ्यावा लागतो, त्याला पोरं 'ओजेटी' म्हणतात, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. ओजेटीत ही एका बातम्यांच्या पोर्टलवर होती. तिथं दिवसभर इतरांच्या बातम्यांना मथळे द्यायचे. मथळ्यात प्रश्न हवा, आकडा हवा, शक्यतो 'धक्कादायक' हवं. कोणता मथळा किती जणांनी उघडला, ते तासातासाला फलकावर दिसे.

"त्या दिवसांत माझ्याकडनं एक ओळ लिहून झाली नाही," ती सांगते. "रात्री खोलीवर आल्यावर वेळ होता. पण वाक्य आलं की ते मथळ्यासारखंच यायचं. पहिल्या ओळीत सगळं सांगून टाकायची घाई."

हे ऐकून मला आपण या प्रश्नाकडं किती वरवर बघतो ते जाणवतं. पदव्युत्तर शिक्षण आणि लेखन यांची सांगड म्हटलं की आपण वेळेचा हिशेब मांडतो. वेळ तर या पोरी एसटीच्या प्रवासातूनही काढतात. खरी ओढाताण मनाच्या चालीची आहे. माध्यम शिकवतं की ऐकणारा आधी ठरव, त्याला थांबू देऊ नकोस, तीन सेकंदांत धरून ठेव. कथेला नेमकं उलटं हवं असतं. तिथं लिहिणाऱ्यानं आधी स्वतः थांबायचं असतं. दोन्ही चाली एकाच डोक्यात सांभाळायच्या, तर त्यांच्यासाठी दिवसात वेगवेगळ्या जागा कराव्या लागतात.

भाचीनं ती केलीय. ती रजिस्टर उघडून दाखवते. सगळं हातानं लिहिलेलं, मधेमधे खोडलेलं. "सकाळी उठल्यावर आधी हे. मोबाइल त्याच्यानंतर. लॅपटॉपवर मी कथा लिहीतच नाही. तिथं बसलं की हात आपोआप कापायला लागतात." होस्टेलवर सकाळी नळाला रांग असते, त्या रांगेतही ती रजिस्टर घेऊन उभी राहते म्हणे. घरी आल्यावर अक्का तिला त्या वेळेत हाक मारत नाही. गाय सोडायची असली तरी स्वतः सोडते. कुणी विचारलं तर सांगते, "पोरगी लिव्हायली."

अक्का सातवीपर्यंत शिकली. लेकीच्या लिहिण्याला तिनं घरात जी जागा करून दिलीय, ती मला माझ्या तरुणपणी मिळाली नव्हती.

सूर्य डोंगराआड जातो तशी गावात गर्दी वाढते. आम्ही दोघी मंदिराकडं निघतो. आजीला चालवत नाही, तिनं आमच्या हाती वाती दिल्यात. ओसरीतून उतरताना भाची मोबाइल घरीच ठेवते. बारा वाजेपर्यंतची मुदत असताना मोबाइल मागं ठेवून जायला धीर लागतो. मी विचारत नाही, तीच सांगते, "हातात असला की मी बघत नाही, काढत बसते."

मंदिराच्या वाटेवर दूर्वावाल्या बायका ओळीनं बसल्यात. पंचवीस-तीस वर्षांचा एक पोरगा मोबाइल काठीवर चढवून थेट प्रक्षेपण करतोय. त्याला बघून भाची थांबते, त्याच्याशी दोन शब्द बोलते. काठी जरा खाली घे, वाऱ्याकडं पाठ कर, माइकवर रुमाल गुंडाळ, म्हणजे घोंघावणार नाही. पोरगा लगेच तसं करतो. "भारी आवाज यायलाय आता, ताई," तो हसून म्हणतो. शिकलेली विद्या अशी वाटेत कुणाच्या तरी कामी येते. हा अभ्यास उथळ आहे असं म्हणणाऱ्यांनी हे बघायला हवं. अशा पोरांना कुणी शिकवलं, तर गावाचा आवाज नीट नोंदला जाईल.

गाभाऱ्यासमोर रांग आहे. चंद्रानं इथं तप केलं, गणपतीच्या शापातून तो सुटला आणि देवानं त्याला कपाळी धरलं, अशी गावाची श्रद्धा. म्हणून हा भालचंद्र. रांगेत आमच्या पुढं एक बाई आहे, तिच्या कडेवर नातू. पोराचे आईबाप कारखान्यावर गेलेत. पोर झोपाळलंय, तरी तिच्या कानातला काप सोडत नाही. भाची ते बघते. मी भाचीकडं बघते. तिचे ओठ किंचित हलतात, काहीतरी पाठ करून ठेवल्यासारखे. रांग सरकते, आम्ही वाती लावतो, बाहेर येतो. मंदिराबाहेरच्या दगडावर बसून ती म्हणते, "त्या पोराच्या मुठीत काप होता, मावशी. सोन्याचा नव्हता. पण ती बाई मान वाकडी करून उभी होती, त्याच्या हातून सुटू नये म्हणून."

कॅमेऱ्यात हे आलं असतं का? आलं असतं, जवळचा शॉट लावला असता तर. पण रांगेत कुणा अनोळखी बाईच्या कानाशी कॅमेरा नेणं बरं नव्हे, हे तिला कळतं. उद्या सकाळी तो काप रजिस्टरमध्ये उतरेल आणि त्या बाईची ओळख कुणाला लागणार नाही. बीडच्या ऊसतोड बायकांवर गेल्या काही वर्षांत बाहेरून खूप कॅमेरे आले. 2019 साली त्यांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ती बातमी होणं गरजेचंच होतं. पण बातमीनंतर त्या बाया 'केस' म्हणून उरल्या. भाचीला आजीची केस करायची नाहीये. ध्वनिपटात आजीनं आपल्या कामाचं सांगितलंय, कामात ती किती तरबेज होती तेही. तिच्या देहाचं जे काही असेल, ते तिनं सांगितलं तरच. तिनं अजून सांगितलेलं नाही आणि भाचीनं विचारलेलं नाही.

ही समज तिला कथा लिहिण्यातून आली आणि ती ध्वनिपटात उतरली. उलट दिशेनंही देवाणघेवाण चालू आहे. संकलन शिकताना तिला खोलीचा आवाज वेगळा नोंदवायला शिकवलं. कुणी बोलत नसताना त्या जागेचा जो आवाज असतो, तो अर्धा मिनिट नोंदवून ठेवायचा, म्हणजे कापलेल्या जागा त्यानं भरता येतात. "तेव्हापासून," ती म्हणते, "माझ्या कथेत माणसं बोलायची थांबली की तिथं काय वाजत असतं, ते मला लिहावंसं वाटतं. आधी मी नुसतं 'शांतता पसरली' लिहायची." मी वर्गात कथा शिकवली असती, तर हे एवढं चांगलं शिकवू शकले नसते.

अंधार पडलाय. उपासाची माणसं ओट्यावर बसून चंद्राची वाट बघतायत. भाचीच्या बोलण्यात नागराज मंजुळे यांचं नाव येतं. नगरला माध्यमं शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या बोलण्यात ते येत असणार. जेऊरचा कवी. मराठीत एम.ए. झाल्यावर नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात त्यांनी संज्ञापनाचा अभ्यासक्रम केला. त्या शिक्षणातच 'पिस्तुल्या' हा लघुपट झाला. शाळेची ओढ असलेल्या पारध्याच्या पोराची ती गोष्ट. 2010 सालच्या चित्रपटांसाठीच्या अठ्ठावन्नाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो दिग्दर्शकाचा सर्वोत्कृष्ट पहिला कथाबाह्य चित्रपट म्हणून गौरवला गेला. पुढं 'फँड्री' आला, 'सैराट' आला. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा कवितासंग्रहही आहे. म्हणजे ज्या माणसाचा सिनेमा गावागावांत पाहिला गेला, त्यानं कविता बाजूला ठेवून कॅमेरा हाती घेतला नव्हता. अभ्यासातला प्रकल्प आणि आतली गोष्ट त्यानं एकाच ठिकाणी आणून ठेवली.

"सगळ्यांना तसं जमत नाही," भाची म्हणते. "माझी कथा कॅमेऱ्याची नाही. ती लिहायचीच आहे."

मी तिला आसाराम लोमटे यांचं सांगते. परभणीत राहून वृत्तपत्राची वार्ताहरकी करत त्यांनी कथा लिहिली. 'आलोक' या त्यांच्या कथासंग्रहाला 2016 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बातमीसाठी हिंडताना दिसलेलं गाव त्यांनी बातमीत संपवलं नाही. मराठवाड्यात लेखक म्हणून नुसतं लिहून पोट भरेल अशी सोय कुणालाच नव्हती. शिक्षक, कारकून, वार्ताहर, शेतकरी असं काहीतरी असूनच माणसं लिहीत आली.

आणि आपल्या बीड जिल्ह्याला तर याहून जुनं उदाहरण आहे. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत. 1551 ते 1615 हा त्यांचा काळ. कागदाच्या चौकटीत मावेना म्हणून असेल, त्यांनी 'पंचीकरण' चक्क कापडावर लिहिलं, आकृत्या काढून. ती पासोडी सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद आहे. माध्यम शिकणाऱ्या प्रत्येकानं ती एकदा बघायला हवी. मजकूर, आकृती, मांडणी, सगळं एका पटावर. त्यांच्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात. ते रोज एका ढब्बू पैशाची शाई लिहून संपवत, अशी आख्यायिका आहे. भाचीला पासोडी माहीत आहे, शाईची गोष्ट माहीत नव्हती. ती दोनदा विचारते, "रोज?" मी म्हणते, "रोज."

ओट्यावरची माणसं एकदम उठतात. चंद्र उगवलाय. नमस्कार होतात, हातावर प्रसाद येतो, लगबग सुरू होते. आम्हीही घराकडं वळतो.

घरी अक्कानं पानं वाढलीत. भाची चार घास खाऊन पुन्हा पेटीशी बसते. घरात नेटवर्क एकच कांडी दाखवतंय. ध्वनिपट तयार आहे, शेवटचं एकदा ऐकायचं बाकी. ती हेडफोन काढून स्पीकर लावते आणि आजीला म्हणते, "आजे, ऐक. तू हो म्हणलीस तरच पाठवते."

आजी भिंतीला टेकून ऐकते. ओसरीत तिचाच आवाज घुमतो. फळी, मोळी, रातचा ट्रक. आपलं बोलणं असं बाहेरून ऐकायची तिची ही पहिलीच वेळ. मधे एकदा ती मान हलवते. 'रडायचं' हे उत्तर येतं, आधीच्या मोठ्या शांततेशिवाय, लगेच. आजी भाचीकडं बघते.

"मी इतक्या लवकर न्हाई म्हणले गं. थांबले व्हते मी तितं."

भाची काही क्षण बोलत नाही. मग टाइमलाइनवर मागं जाते. 'कथेसाठी' फोल्डरमधली फाइल उघडते आणि त्यातली शांतता परत जागेवर आणून ठेवते. सगळी बसत नाही. तिच्यासाठी सुरुवातीचं स्वतःचं निवेदन ती कापते. ऊसतोडीची सरकारी माहिती होती त्यात, ती गेली. आता आठ मिनिटं भरतात. पुन्हा ऐकते. आजी म्हणते, "आता बरूबर हाय."

भाची गच्चीवर जाते, कारण तिथं नेटवर्क दोन कांड्या धरतं. निळी पट्टी हळूहळू भरते. साडेदहाच्या सुमारास 'सबमिटेड' असं येतं. सरांना ती शांतता आवडेल की गुण कापले जातील, कुणास ठाऊक. ती लॅपटॉप मिटते, रजिस्टर उशाशी घेते आणि पाचचा गजर लावते. मी विचारते, झोपायचं नाही का थोडं जास्त? ती म्हणते, "काप विसरायच्या आत लिहायचाय."

गच्चीवर उभं राहून मला जे वाटतं, ते इथं लिहून ठेवते.

माध्यमं शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. तुमच्या वर्गात कथा-कविता लिहिणारी पोरं आहेत, त्यांना शोधा. त्यांचं लेखन 'छंद' म्हणून बाजूला सारू नका. संशोधन प्रकल्पाच्या क्रेडिटांत त्यांना आपल्या गावाची, आपल्या बोलीतली गोष्ट करू द्या, ध्वनिपट असो की लेखी कथामाला. मराठीत सादर करू द्या. तीन सेकंदांचा नियम जरूर शिकवा आणि तो कधी मोडायचा तेही शिकवा. वेळापत्रकात एक तास असा ठेवा, ज्याच्या शेवटी काही अपलोड करायचं नसेल.

आणि लिंबागणेशसारख्या गावांतून शहरात शिकायला गेलेल्या पोरापोरींनो, दिवसाचा पहिला तास कुणाला देऊ नका. मुदत बाराची असते, दुसऱ्या दिवशी दुसरी असते, ती संपत नाही. अभ्यास मन लावून करा, त्यातली हत्यारं चांगली आहेत, ती हाताशी लागतील. जे कापाल ते जपून ठेवा. घरच्यांचा आवाज घ्याल, तो त्यांना ऐकवल्याशिवाय कुठं पाठवू नका. आणि रोज लिहा, थोडं का होईना, पण रोज.